दोन-सहाचं माप

सुगंधाबाईंच्या लेकीचं गाणं पेटीच्या साथीवर संपलं आणि बार्शीच्या त्या सभागृहात चाहत्यांचा वाद रंगला. ‘दोन-सहाचं माप तुझं नि माझं, तुझी बांगडी चढू दे माझ्या हाती’ असं गाण्यातली बाई म्हणते, ते नक्की कुणाला?

“लेक आईला म्हणते आहे,” एका निवृत्त मास्तरांनी ठासून सांगितलं. मागच्या रांगेतली एक मुलगी चाचरत म्हणाली, “मला वाटतं, तिचा एका मुलीवर जीव जडलाय.” हशा पिकला. मुलगी मान खाली घालून बसली.

“आई इथंच आहेत, त्यांनाच विचारू,” मास्तर म्हणाले.

सुगंधाबाई उठल्या. तीस वर्षं बाजारात बांगड्या भरत आलेल्या या कासारणीनं सगळ्या नातलगांना हेच सांगितलं होतं, की पोरीनं गाणं माझ्यावर केलंय. आजही नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. पण मागची ती खाली गेलेली मान त्यांना बघवेना.

त्यांनी हात वर केला. “मास्तर, माझा हात दोन-दहाचा. दोन-सहाची बांगडी माझ्या बोटांवरच अडेल. लेकीच्या मापाचा हात त्या पेटी वाजवणाऱ्या पोरीचा आहे. लेकीची जोडीदार, म्हणून सून आहे माझी. हिरवा चुडा मीच भरलाय तिला.”

पेटी आवरणारी बोटं थांबली. सभागृहात कुणी हसलं नाही.

नंतर मागची मुलगी जवळ आली आणि तिनं हात पुढे केला. सुगंधाबाईंनी तो सवयीनं दाबून पाहिला.

“दोन-चार,” त्या म्हणाल्या. “आता तुझ्या तिलाही दुकानात घेऊन ये. हात बघितल्याशिवाय माप कसं सांगू?”