छपरावरचा सूर्य

तूरिन शहरातून आलेल्या प्राध्यापकाचं सकाळपासून ओरोन्झाआजीपुढे आजोळच्या गोष्टी सांगणं चाललं होतं. तिनं केलेलं घेवड्याचं पिठलं त्यानं चाटूनपुसून खाल्लं आणि ते कसं रांधतात ते तिलाच सांगितलं. बाजारातून मातीची शिट्टी आणली आणि ती कशी भाजतात तेही सांगितलं. आता त्याचं बोट तिच्या घराच्या टोकदार दगडी छपराकडे वळलं.

"आजीबाई, हा चुन्यानं काढलेला सूर्य म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीच्या पंथाची खूण!"

"कसला पंथ, डोंबलाचा! इथली सगळी छपरं सारखी. माझा कोसिमो पिऊन यायचा आणि शेजारच्या विधवेच्या घरात शिरायचा. त्याला आपलं घर ओळखू यावं म्हणून मीच काढला तो सूर्य, लग्नानंतरच्या वर्षी."

"मग तिच्याही छपरावर अगदी तस्साच सूर्य कसा?"

"माझा चुना वाळायच्या आत काढला सटवीनं."

प्राध्यापकानं हळूच वही मिटली. "म्हणजे कोसिमोआजोबा घर चुकतच राहिले?"



"अजून चुकतो की! मेल्यानं दारू सोडून वीस वर्षं झाली."