समासातला प्रश्न

“सात वर्षंच ठेवा,” साहेब म्हणाले. “माणूस दोन वर्षं बेपत्ता, की मेला म्हणून मोकळं व्हायचं? काहीतरीच!”

“दोनच, साहेब,” कायद्याचा मसुदा लिहिणाऱ्या बाई हटून बसल्या. “मागे राहिलेल्या बायकोनं काय करायचं? घर नावावर होत नाही, दुसरं लग्न करता येत नाही. ना इकडची, ना तिकडची!”

बाई कुणाबद्दल बोलताहेत ते साहेबांना ठाऊक होतं. बाईंचा दादा तीन वर्षांपूर्वी कामावर जातो म्हणून गेला, तो गेलाच. आईमागे बाईंना वहिनीनेच वाढवलं होतं.

“बरं, दोन तर दोन. पण बेपत्ता माणूस घरातच लपलेला नाही ना, याची पाहणी हवी. आणि वाचन करून आणा.”

वाचन ही खात्याची जुनी रीत. कायद्यातलं ओ की ठो न कळणाऱ्या एखाद्याला मसुदा वाचून दाखवायचा आणि त्याचा प्रत्येक प्रश्न जसाच्या तसा समासात उतरवायचा. बाईंचं हक्काचं माणूस म्हणजे वहिनी.

संध्याकाळी वहिनी कोठीत डबे पुसत होती. दादा गेल्यापासून ती स्वस्थ अशी बसलीच नव्हती. घर रंगवलं, गाद्या पिंजून घेतल्या, कोठीची फरशी बदलली, जुनी कपाटं काढली. रडत बसण्यापेक्षा बरं, म्हणायची.

बाई तिथंच खाली मांडी घालून वाचू लागल्या. दोन वर्षं ऐकताच वहिनीने डोळे पुसले.

“म्हणजे सुटले मी, चिमे?”

“सुटलीस! घर तुझ्या नावावर. हवं तर विक.”

“छे गं! मरेपर्यंत हलायची नाही मी इथून.” तिने बाईंच्या डोक्यावरून हात फिरवला. “पोटच्या पोरीनंही एवढं केलं नसतं.”

बाईंनी पान उलटलं. “पुरे हं. शेवटचं ऐक. कलम नऊ. निर्णय देण्यापूर्वी अधिकारी घराची पाहणी करतील. कळलं? काही विचारायचंय?”

वहिनीच्या हातातलं फडकं थांबलं.

“पाहणी म्हणजे नुसतं बघणार ना? कोठीची फरशी नाही ना उकरणार?”

बाईंचा हात सवयीने समासात चालू लागला. ‘कोठीची फरशी’ एवढं लिहून झालं, आणि आपण कशावर बसलो आहोत ते त्यांच्या लक्षात आलं.