उलटी अक्षरं वाचणारा मुलगा

खुर्ची ओढताना मोठा आवाज झाला आणि सगळ्यांनी वळून पाहिलं. पोस्टातली बाई ओशाळून टेकली.

"बसा निवांत," संयोजक म्हणाला. पन्नाशीचा, शांत आवाजाचा माणूस. "इथे कोणी हजेरी घेत नाही. बोलावंसं वाटलं तर बोला."

वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर दर शनिवारी दुपारी ही बैठक भरायची. घरात कोणाला मनाचा आजार असेल, तर त्या घरातल्यांसाठी. बाईची मुलगी परीक्षेनंतर जी खोलीत शिरली, ती बाहेर यायचं नाव घेत नव्हती. आत एकटीच कोणाशी तरी भांडायची. नवरा म्हणायचा, बोभाटा नको. आज ती दाताच्या डॉक्टरकडे जाते असं सांगून निघाली होती.

तेही तिने सांगून टाकलं. शेजारचा बसड्रायव्हर हसला.

"मीही दाताचंच कारण सांगायचो, ताई. डेपोत सगळ्यांना वाटायचं, माझ्या तोंडात एक दात धड नाही."

हशा पिकला. तीही हसली. घरात हसून किती दिवस झाले होते कोण जाणे.

"काका, तुमचं काय म्हणणं?" संयोजकाने खिडकीजवळच्या म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं.

आजोबांचा सदरा कडक इस्त्रीचा होता. ते जरा पुढे सरकले.

"माझं पोरगं छापखान्यात वाढलं," ते म्हणाले. "मी खिळे जुळवायचो. शिशाचं एकेक अक्षर उचलायचं आणि ओळ लावायची. सगळं उलटं दिसतं, आरशातल्यासारखं. हा माझ्याशेजारी खोक्यावर उभा राहून बघायचा. सरळ वाचायला शिकायच्या आधी उलटं वाचायला शिकला. शाळेत घातला तेव्हा पुस्तक उलटं धरून घडाघडा वाचून दाखवलंन. बाई घाबरल्या."

बोलताना त्यांचा चेहरा उजळला होता.

"संध्याकाळी नाकाला शाई लावून घरी यायचा. त्याची आई विचारायची, आज याच्या किती प्रती काढल्या? एकच, मी म्हणायचो. दुसरी निघायची नाही."

बाईला तो छापखाना दिसू लागला. तिला स्वतःची मुलगी आठवली, जिना चढताना शीळ घालणारी. सगळा मजला वैतागायचा. हल्ली जिन्यात जरा कुठे आवाज झाला की बाई कान देऊन थांबायची.

"कॉलेजात गेला आणि काय बिनसलं कळत नाही," आजोबा म्हणाले. "म्हणतो, रात्रभर यंत्र चालतं आणि त्यातून माझं नाव घेतात. मी सांगतो, अरे राजा, यंत्र बंद आहे, मी स्वतः कुलूप लावून आलोय. ऐकतच नाही. जेवायला बाहेर येत नाही. ताट दाराशी ठेवावं लागतं."

"वाद घालू नका, काका," संयोजक म्हणाला. "ज्याला ऐकू येतं, त्याच्यासाठी ते खरंच असतं. भीती वाटते का, एवढं विचारा. आणि जवळ बसा."

"बसतो की. आत जायची हिंमत होत नाही, म्हणून दाराबाहेर बसतो. त्याचा श्वास ऐकू येतो. तो झोपला की मग उठतो."

"त्याला हे माहीत आहे?" ड्रायव्हरने विचारलं.

"बापाने असलं काही सांगायचं असतं का?"

संयोजक बराच वेळ थर्मासचं झाकण फिरवत राहिला. मग त्याने उठून सगळ्यांना चहा दिला.

"साहेब," आजोबा त्याला म्हणाले, "एकदा घरी या. त्याला भेटा. कोणाशी बोलत नाही, पण तुमच्याशी बोलेल असं मला वाटतं."

"येईन, काका."

बैठक संपली. लोक जिना उतरून गेले. आजोबा खिडकीशी उभे राहून खालचा रस्ता बघत होते. बाई पर्स हातात घेऊन घुटमळली.

"मी पुढच्या वेळी येईन असं नाही वाटत," ती हळू आवाजात म्हणाली. "राग मानू नका. त्यांचं वय बघा. इतकी वर्षं झाली आणि मुलगा अजून खोलीतच. मग माझ्या पोरीने कशाची आशा धरायची?"

"त्यांचा मुलगा बरा आहे," संयोजक खुर्च्या मिटत म्हणाला. "गोळ्या अजून घेतो. मध्ये दोनदा परत दुखणं उलटलं, पण सावरला. नोकरी करतो. बायको आहे, मुलगी आहे."

"मग हे असं का बोलतात?"

"त्यांना अलीकडचं काही आठवत नाही. जुनं तेवढं लख्ख आहे. त्यांच्या लेखी तो अजून त्या दाराआडच आहे."

"कोणी सांगत नाही त्यांना?"

"सांगून पाहिलं. फार घाबरतात."

"मुलाला किती लागत असेल," बाई म्हणाली.

"लागायचं. पण ते इथे जे बोलतात ना, त्यातलं त्याला तेव्हा काहीच कळलं नव्हतं." त्याने शेवटची खुर्ची भिंतीला टेकवली. "तुम्ही या पुढच्या शनिवारी. जमलं तर यजमानांनाही घेऊन या. दाताचं कारण दोघांना मिळून काही सांगता येणार नाही."

ती कसनुसं हसली. "येते," म्हणाली.

आजोबा खिडकीपासून वळले आणि सदऱ्याचे खिसे चाचपू लागले.

"साहेब, मी निघतो. पोरगा घरी एकटा आहे. पण घराची किल्ली कुठे ठेवली कोण जाणे."

संयोजकाने दिवा मालवला आणि त्यांचा हात हातात घेतला.

"माझ्याकडे आहे, बाबा."