माघार न घेणारा वाटाड्या

शिखर तासाभरावर राहिलं होतं, पण पश्चिमेकडून काळे ढग चढत होते. "मागं फिरायचं," मी म्हणालो, तसे झुरिकचे ब्रांडिससाहेब भडकले.

"ढगाला घाबरणारा वाटाड्या नेमका माझ्याच नशिबी! खाली कॅफेत एका वाटाड्याचा फोटो लावलाय बघा, 'कधीच माघार घेतली नाही' असं लिहिलंय त्यावर. त्यालाच आणायला हवं होतं."

"बरोबर आहे, साहेब," मी दोर आवरत म्हणालो. "तो लुत्सी, माझा थोरला भाऊ. असल्याच ढगांत, तुमच्यासारख्याच एका साहेबांना घेऊन वर गेला. दोघंही अजून हिमनदीच्या पोटात आहेत. ती आणतेय त्यांना सावकाश खाली. तीसेक वर्षांत गावाजवळ पोहोचतील. तोवर तुम्ही कॅफेत बसा. आला की पाठवतो तुमच्याकडे."