बांधावरचे खेकडे

गेल्या वर्षी बाळांच्या खाऊच्या कारखान्याने आमचा तांदूळ परत पाठवला. त्यात आर्सेनिक आणि कॅडमियम दोन्ही जास्त निघाले होते. शेतात पाणी साचून राहिलं की आर्सेनिक चढतं, असं मी वाचलं होतं, म्हणून मी शेत कोरडं ठेवा म्हणत होतो. शेत कोरडं पडलं की कॅडमियम चढतं, असं बायकोने वाचलं होतं, म्हणून तिला शेत भरलेलं हवं होतं. आठवडाभर भांडून शेवटी मी माघार घेतली, म्हणजे तसं दाखवलं.

बायको नर्स आहे. तिची चार दिवसांची ड्यूटी लागली की मी गुपचूप बांध फोडून पाणी सोडून द्यायचो. ती विचारायची, "पाणी गेलं कुठे?" मी म्हणायचो, "खेकड्यांनी बांध पोखरला असणार." पुढे चार दिवस मी गिरणीवर कामाला गेलो, की येईपर्यंत शेत पुन्हा तुडुंब. मी विचारलं तर म्हणायची, "शेजाऱ्याच्या शेतातून पाझरलं असेल."

यंदा तांदूळ पास झाला. कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई मुद्दाम घरी आल्या. म्हणाल्या, "हंगामभर तुमचं शेत येता-जाता बघत होते. चार दिवस पाणी, चार दिवस कोरडं, हे इतक्या नेमाने कुणालाच जमत नाही. तुमच्यात हे काम कोण बघतं?"

मी छताकडे बघायला लागलो.

बायकोने शांतपणे चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "सोडायचं काम खेकड्यांकडे आहे," ती म्हणाली, "आणि भरायचं शेजाऱ्यांकडे."