जपून चालवणारं गिऱ्हाईक

"काका, आधी बसून बघा. गुडघ्यांना त्रास होतो का ते सांगा."

म्हातारे लगेच बसले नाहीत. त्यांनी सीटवरून हात फिरवला. मग हँडल चाचपलं, वाकून पायठेवणी दाबून पाहिली, पुढचं चाक बोटांनी तपासलं. बायको शेजारी त्यांचा कोपर धरून उभी होती. ती लंगडत होती, म्हणून तिला आधार लागत असावा असं गॅरेजवाल्याला वाटलं.

त्याला हे गिऱ्हाईक पहिल्या फटक्यात आवडलं. आतापर्यंत आलेली पोरं आधी अॅक्सिलरेटर पिळून आवाज ऐकायची आणि मग विचारायची, पळते किती? अशांना तो सरळ सांगायचा, "गाडी विकली गेली." बघताबघता वर्ष होत आलं, तरी गाडी दारातच होती.

गाडी त्याच्या धाकट्या भावाची. मागल्या वर्षी भर दुपारी, पुलाच्या वळणावर कोणीतरी आपली बाजू सोडून सरळ त्याच्या अंगावर आलं. त्याला चुकवायला धाकट्यानं हँडल वळवलं आणि तो कठड्यावर आदळला. समोरचा थांबलाही नाही. कोण होता, कुठला होता, काही कळलं नाही. गॅरेजवाल्यानं गाडी हळूहळू दुरुस्त केली, पुढचा भाग अख्खा नवा बसवला. भावासाठी मात्र त्याच्या हातात काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून आईनं अंगणाकडची खिडकी उघडली नव्हती. भंगारात घालू म्हटलं की तिच्या डोळ्याला पदर लागायचा. "कुणीतरी जपून चालवणारा बघ," एवढंच ती म्हणायची. "तिच्यापायी आणखी कुणाचं लेकरू जायला नको."

"सीट ठेंगणी आहे," म्हातारे आता बसून म्हणाले. "पाय पुरतात जमिनीला. पाठही वाकवावी लागत नाही."

"मागं पाठ टेकायलाही सोय केलीय. माझ्या भावानं आईसाठी करून घेतली होती. तिच्या कमरेचं दुखणं जुनं."

"मग आमच्यासारखंच म्हणायचं. हिला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावं लागतं. आम्ही नदीपलीकडचे. बस आमच्याकडे येते ती देवाच्या मर्जीनं."

"आणि तुमची जुनी गाडी?"

"खड्ड्यात गेली," बायको म्हणाली. "पडलो दोघं. त्यातच पाय गेला माझा. देऊन टाकली मग."

"मुलगा म्हणतो, आता घरात बसा," म्हातारे हसले. "म्हटलं, तू ये रोज आईला न्यायला. तेव्हापासून फोनच नाही."

गॅरेजवालाही हसला. मुलं असून खस्ता या वयात यांनीच खायच्या, याचं त्याला वाईट वाटलं. "आरसे नवे आहेत बरं का. मोठे बसवलेत."

"मला आरसे कशाला? मागचं-पुढचं सगळं हीच बघते. चाळीस वर्षं हाच कारभार आहे."

बायको मात्र हसली नाही.

"एक चक्कर मारून बघा," गॅरेजवाला म्हणाला.

म्हाताऱ्यांनी गाडी अशी हळू काढली की शेजारची कोंबडीसुद्धा उठली नाही. बायकोचे दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर होते आणि बोटं सारखी चाळवत होती. कधी डाव्या खांद्यावर, कधी उजव्या. बाई भित्री दिसते, गॅरेजवाल्याच्या मनात आलं. नाहीतर प्रेम म्हणावं. फाटक आणि हातगाडी यांच्यामधून म्हातारे नेमके निघाले, गल्लीच्या टोकाला वळले आणि होते तिथंच येऊन थांबले. एकदाही ब्रेक कचकन लागला नाही.

त्यानं मनाशी ठरवून टाकलं. गाडी द्यायची ती यांनाच.

व्यवहार उरकला. बायकोनं पैसे मोजून दिले, म्हाताऱ्यांनी किल्ली मुठीत घेतली. "काका, एकच मागणं आहे," गॅरेजवाला म्हणाला. "सावकाश चालवा. दुसरं काही नको."

"या वयात घाई कसली?" म्हातारे समोर फाटकाकडे तोंड करून म्हणाले.

तो आत गेला. आई खिडकीमागे उभी होती. खिडकी बोटभर उघडी होती.

"चालवून बघितली त्यांनी?" तिनं विचारलं.

"तू पाहिलंस ना?"

"पाहिलं. जपून चालवतात." तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या बाईची कंबर दुखत असेल. थांब."

ट्रंकेतून तिनं एक छोटी गादी काढली. मागच्या सीटवर टाकायला तिनं स्वतः शिवलेली. वर्षभरात पहिल्यांदाच ती अंगणाच्या पायऱ्या उतरली. गॅरेजवाल्याला भरून आलं. तो तिच्या मागोमाग निघाला.

दोघं गाडीवर बसून होते, घराकडे पाठ करून. गाडी अजून सुरू केली नव्हती. आई अनवाणी होती. तिच्या पावलांचा आवाज झाला नाही.

"रंग कुठला गं हिचा?" म्हातारे विचारत होते.

"तांबडा."

"छान. पुलाच्या वळणावर थाप वेळेवर दे हं. मागल्या वर्षीसारखा उशीर करू नकोस. मला आता उजेडसुद्धा कळत नाही."

बायकोनं दोन्ही हात त्यांच्या खांद्यांवर ठेवले. मग गादी छातीशी धरून आई तिच्या अगदी पाठीशी पोचली, तेव्हा बायको हळूच म्हणाली, "अहो, तो कठड्यावर आदळलेला पोरगा वाचला असेल ना हो?"