पाठराखीण

शेवंताबाईंनी संमतीच्या कागदाजवळचं शाईचं पॅड बाजूला सारलं. मागच्या इंजेक्शनांनी तोंड इतकं आलं होतं, की महिनाभर मऊ भातही गिळवला नव्हता. पुन्हा त्याच वाटेला जायला त्यांचा अंगठा तयार नव्हता.

"औषध तेच आहे, पण आता ते एकटं जात नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाठ वाढवणारं एन्झाइम अडवायचं त्याचं काम. मागच्या वेळी ते वाटेत सगळ्यांशी भांडत गेलं. आता पॉलिमरचं बारीक वेष्टण त्याला पोटाशी धरून नेतं आणि बरंचसं गाठीपाशीच सोडतं. पाच दिवस इथे राहायचं."

"म्हणजे नवरीबरोबर पाठराखीण," शेवंताबाई पुटपुटल्या, आणि साठ वर्षांपूर्वीची बैलगाडी त्यांच्या डोळ्यांपुढे आली. अक्काच्या लग्नानंतर नऊ वर्षांची शेवंता पाठराखीण म्हणून तिच्या सासरी गेली होती, नवं परकर-पोलकं घालून, मोठ्या तोऱ्यात. राहायचं होतं पाच दिवस. दुसऱ्याच सकाळी तिने असं भोकाड पसरलं, की अक्काच्या सासऱ्यांना न्याहारी टाकून गाडी जुंपावी लागली. दारात अक्का एकटीच उभी राहिली.

"पाठराखिणीचा भरवसा मला नका सांगू," त्या म्हणाल्या. "मध्येच सोडून गेली तर?"

"सगळ्याच तुझ्यासारख्या नसतात गं," खुर्चीत बसलेली अक्का म्हणाली. तिने पिशवीचं तोंड उघडून दाखवलं. आत पाच लुगडी होती. "मी पाचही दिवस राहणार. घरी सोडा म्हणून रडायची नाही."

शेवंताबाईंनी पॅड जवळ ओढलं.